चौसष्ट पावलं

मॉरिसला इंग्रजी येत नाही, असं माझं पहिलं दीड वर्ष ठाम मत होतं. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवत होतो, त्यामुळे असं मत बाळगायचा मला अधिकार होता. मी विचारायचो, "हॅव यू टेकन युवर टी?" आणि हा सहा फुटी, लालबुंद मानेचा इंग्रज माझ्याकडं बघून गोड हसायचा आणि म्हणायचा, "येस, येस, व्हेरी हॉट." मग कधी वाटायचं की दोष त्याच्या इंग्रजीत नसेल, माझ्याच उच्चारात असेल. घरी आरशापुढं उभं राहून मी शब्द घोटायचो. बायको स्वयंपाकघरातून विचारायची, "कोणाशी बोलून राह्यलात?" त्या वर्षी माझ्या वर्गातल्या पोरांचं इंग्रजी बरंच सुधारलं, ते मॉरिसच्या पुण्याईनं.

खरी गोष्ट अशी होती की त्याला ऐकूच येत नव्हतं. आणि ते त्यानं आमच्यापासून लपवून ठेवलं होतं.

आधी मी यात कुठून आलो ते सांगून टाकतो. दिवसा मी मास्तर, आणि लग्नसराईत मस्तगडातल्या उस्मानभाईंच्या दिलखुश बँडमध्ये क्लॅरिनेटवाला. मुख्याध्यापकांना हे पसंत नव्हतं आणि सासऱ्यांना तर बिलकुल नव्हतं. लाल कोट घातला की टोपी मी भुवयांपर्यंत ओढून घ्यायचो. तरी पोरं ओळखायचीच, आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर गाल फुगवलेला मास्तर काढलेला असायचा. चित्र चांगलं असलं तर मी पुसत नसे.

जालना तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. मिशनच्या दवाखान्यात जोनबाई म्हणून एक इंग्रज सिस्टर होत्या. वीस वर्षं इथं काढलेली बाई. मराठी आपल्यासारखं बोलायच्या आणि रागवायच्या तर आपल्याहून चांगलं. मॉरिस त्यांचा धाकटा भाऊ. दोन महिने राहायला म्हणून आल्ता. एके दिवशी आमची वरात दवाखान्यापलीकडच्या चौकातून चालली होती, तर हा फाटकातून निघाला आणि ढोलाच्या मागं चालायला लागला. पायात रबरी चपला, खांद्यावर टॉवेल. मंडपापर्यंत आला, पंगतीला बसला, बुंदी दोनदा मागून घेतली. जेवण झाल्यावर आमचा साईड ड्रम एका झाडाला टेकवून ठेवला होता, तो त्यानं उचलला आणि उस्मानभाईंकडं बघून भुवया वर केल्या. उस्मानभाई म्हणाले, "बजाव."

त्यानं वाजवलं. सुपात ज्वारी पाखडताना जसा एकसारखा आवाज येतो, तसा. एक दाणा मागं नाही की पुढं नाही. उस्मानभाईंच्या हातातलं पान हातातच राह्यलं.

दोन महिन्यांचे सहा झाले. परदेशी माणसाची सरकारदरबारी नोंद करावी लागते, म्हणून मी आणि उस्मानभाई त्याला नव्या जिल्ह्याच्या ऑफिसात घेऊन गेलो. कारकुनानं नाव लिहिलं, बापाचं नाव लिहिलं आणि विचारलं, "व्यवसाय?"

"बँडवाला," उस्मानभाई म्हणाले.

"अहो, इथलं न्हाई विचारून राह्यलो. तिकडं काय करायचे हे?"

"तिकडं बी बँडवालाच. लिहा."

कारकुनानं मॉरिसला वरपासून खालपर्यंत पाह्यलं. "इतक्या दुरून बँड वाजवायला आला?" असं स्वतःशीच म्हणाला आणि लिहिलं. इथलं आणि तिकडचं, दोन्ही शंभर टक्के खरं होतं.

तिकडचा बँड कसला, हे आम्हाला थोडं थोडं करून कळलं. स्वतःबद्दल बोलायचा मॉरिसला फार कंटाळा. इंग्लंडात त्याचं कोळशाच्या खाणींचं गाव. बाप आठवडाभर खाणीत आणि रविवारी खाणकामगारांच्या पितळी बँडमध्ये, आपल्यासारखाच ट्रम्पेट, ढोल, झांजा असलेला. सात वर्षांचा असल्यापासून मॉरिस त्यांच्याबरोबर रस्त्यानं चालत वाजवायचा. पुढं मिशा फुटल्यावर गावातल्या तीन पोरांबरोबर त्यानं गिटारचा बँड काढला, रॉकचा. ती पोरं मोठी झाली, बँडही मोठा झाला. तबकड्या निघाल्या. तीन लॉऱ्या भरून स्पीकर असायचे, हॉलमध्ये पोरी रडायच्या. त्याच्याकडं एक कात्रण होतं, त्यातल्या फोटोत चौघांचे केस पार छातीपर्यंत. उस्मानभाईंनी चष्मा लावून तो फोटो नीट पाह्यला आणि मला म्हणाले, "मास्तर, विचारा त्याला, न्हावी संपावर गेल्ते का?"

मी विचारलं. मॉरिस म्हणाला, "येस, येस, व्हेरी हॉट."

त्याच्या सवयी सांगायच्या तर पहिली अशी, की त्याचे हात कधी रिकामे नसायचे. काठ्या पायमोज्यात खोचलेल्या. त्या नसल्या तर बोटं. कपबशी, टेम्पोची फळी, वांगं, माझ्या टोपीचा डबा, काही चालायचं. दुसरी सवय अशी, की तो माणसाच्या तोंडाकडं कमी आणि पायांकडं जास्त बघायचा. मला वाटायचं लाजरा आहे. आणि त्याचं एक पेटंट वाक्य होतं, "सब फोर है." पिठाच्या गिरणीपुढं उभा राहून म्हणायचा, बैलगाडी गेली की म्हणायचा, बाया धुणं आपटताना दिसल्या की म्हणायचा. जगातली प्रत्येक गोष्ट चारच्या मापात चालते, यावर त्याचा पक्का विश्वास होता. एकदा माझी बायको भाकरी थापत होती तर हा दारात उभा राहून बोटं मोजायला लागला. ती म्हणाली, "याला म्हणावं, मोज, पण पाचवी भाकरी तूच खा." त्यानं खाल्ली, ठेच्याबरोबर, आणि डोळ्यांतून पाणी काढत पुन्हा म्हणाला, "सब फोर है."

आता दिलखुश बँडची एक रीत सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. वाटेत मशीद आली, दवाखाना आला, मैतीचं घर आलं, की बँड बंद ठेवायचा, हे सगळेच पाळतात. उस्मानभाई उजवी मूठ वर करायचे आणि गाणं मधल्या मधे थांबायचं. पण आमचे पाय थांबायचे नाहीत. चालता चालता प्रत्येकानं मनात गाणं चालू ठेवायचं. ते ठिकाण ओलांडलं, मूठ खाली आली, की जिथं सोडलं तिथून सुरू करायचं नाही. गाणं वाजत राह्यलं असतं तर आता जिथं पोचलं असतं, तिथून सगळ्यांनी एकदम उचलायचं. यात उस्मानभाईंची सगळी इज्जत होती. थांबल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू करणाऱ्यांना ते बँड म्हणतच नसत.

हसनाबादला दुपारचं लग्न होतं. नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या दर्शनाला निघाला. पुढं गल्ली इतकी चिंचोळी, की आमची रांग एकामागं एक झाली आणि उस्मानभाई आणि मॉरिसच्या मधे घोडा आला. गल्लीत एका घरी मैत झाली होती, तिसरा दिवस होता. डोकी भादरलेली माणसं ओट्यावर बसलेली. उस्मानभाईंची मूठ वर गेली. आम्ही सगळे थांबलो.

मॉरिस थांबला नाही.

नुसता वाजवत नव्हता, रंगात आल्ता. डोळे मिटून, काठ्या हवेत फेकून झेलत, त्या ओट्यापुढं एकटा वाजवत होता. मी मागं वळून ओरडलो. दुसऱ्यांदा ओरडलो. तो चार हातांवर होता आणि त्याला पत्ता नव्हता. शेवटी ढोलवाल्या बाबूनं त्याचं मनगट धरलं. त्यानं डोळे उघडले, आमच्या सगळ्यांच्या थांबलेल्या हातांकडं पाह्यलं, मग ओट्याकडं पाह्यलं. गोऱ्या माणसाचा चेहरा पांढरा पडतो म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

ओट्यावरचा म्हातारा शांतपणे म्हणाला, "पाहुण्याला लई हौस दिसते वाजवायची."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मॉरिसला शब्द कळले नसतील, पण त्यानं गळ्यातला ड्रम काढला, बाबूच्या हातात दिला आणि ओट्याखाली मातीत जाऊन बसला. मान खाली घालून. कुणी त्याला बस म्हणालं नव्हतं. नवरदेव घोड्यावर ताटकळला, त्याचे मामा तापले, कुणाचं काही चालेना. बऱ्याच वेळानं म्हातारा उठला आणि त्याच्या खांद्याला हात लावून म्हणाला, "उठा आता. लग्न खोळंबलंय." नंतर मंडपापर्यंत मॉरिसनं काठी टेकवली नाही.

परतताना टेम्पोत तो बोलला. पहिल्यांदाच सलग बोलला, आणि मला शब्दन् शब्द कळला. तिकडं त्या स्पीकरांच्या मधे दहा-अकरा वर्षं बसून त्याचे कान गेले होते. आधी बारीक आवाज गेले, मग माणसांचं बोलणं. एका कार्यक्रमात गाणं संपलं आणि हा वाजवतच राह्यला. लोकांना वाटलं करामत आहे, त्यांनी टाळ्या दिल्या. बाकीच्या तिघांना मात्र समजलं. पुढच्या दौऱ्याची जाहिरात आली, तेव्हा त्याच्या जागी दुसऱ्याचा फोटो होता. ते त्याला पेपरातून कळलं, दोस्तांपैकी कुणी घरी येऊन सांगितलं नाही. आमच्यात तो उस्मानभाईंच्या मुठीकडं बघून आणि ढोलाचा हादरा छातीवर घेऊन दिवस काढत होता. पावसाळ्यानंतर तर उरलंसुरलंही गेलं. त्याला पैसा नको होता, नाव नको होतं. चार माणसांबरोबर वाजवायला मिळावं, एवढंच त्याला आयुष्यात हवं होतं, आणि तेच आता दुसऱ्यांदा हातातून चाललं होतं. तो म्हणाला, "मला माहीत आहे तुम्ही काय करणार. उद्या ड्रम दुकानात आणून देतो."

खरं सांगायचं तर मला आधी राग आला. दीड वर्ष आरशापुढं घोटलेले उच्चार आठवले. मी फणकाऱ्यानं म्हणालो, "यू शुड हॅव टोल्ड मी." त्याला ऐकू आलं नाही. मग मला माझीच लाज वाटली.

"काय म्हणून राह्यला?" उस्मानभाईंनी विचारलं. मी सगळं सांगितलं. राजूर आलं तेव्हा त्यांनी डबा उघडून पान लावलं. मग म्हणाले, "कान गेले तर गेले. मला काय त्याला गाणं ऐकवायचं हाय? मला त्याच्याकडून वाजवून घ्यायचंय. पाय तर शाबूत हायेत ना? विचारा."

दुसऱ्या दिवसापासून दुकानामागच्या मोकळ्या जागेत शाळा सुरू झाली. उस्मानभाईंनी पानाच्या डब्यातला चुना घेतला आणि आपल्या काळ्या बुटांच्या टाचांना फासला. पुढं ते, मागं मॉरिस अनवाणी, नजर त्या दोन पांढऱ्या ठिपक्यांवर. आम्ही वाजवायचो, थांबायचो, चालायचो, पुन्हा उचलायचो. मॉरिस चुकायचा. अर्धं पाऊल पुढं, नाहीतर एक पाऊल मागं. उस्मानभाई वळून फक्त मान हलवायचे आणि पुन्हा चालायला लागायचे. असं दोन महिने. गुडघे दुखतात म्हणून जे उस्मानभाई नमाजला खुर्ची घ्यायचे, ते त्या दोन महिन्यांत किती चालले असतील कुणास ठाऊक.

मग एक दिवस जोनबाई दुकानात आल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. "उस्मानभाई, याला एकदा काढून टाकलं तेव्हाचे हाल मला माहीत आहेत," त्या म्हणाल्या. "सहा महिने खोलीतून बाहेर आला नव्हता. म्हणून मी इकडं बोलावून घेतला. आता चार लोकांसमोर पुन्हा फजिती झाली तर याला कोण सांभाळणार, तुम्ही?"

उस्मानभाई उभे राह्यले. "बाई, बराबर हाय तुमचं. असं करू, तुमच्या समोरच इम्तिहान घेऊ. तुमच्याच दवाखान्यापुढं. चुकला तर तुम्ही घेऊन जा, मी अडवणार न्हाई."

दवाखान्याच्या फाटकापासून भिंत संपेपर्यंत वरातीच्या चालीनं चौसष्ट पावलं होती. ते आम्हाला पाठच होतं. चारचे सोळा, मॉरिसच्या हिशेबातही चोख बसणारं. त्या आठवड्यात एक वरात तिथून जाणार होती. सकाळी दहाची वेळ. जोनबाई फाटकात उभ्या होत्या, हातात औषधांचा ट्रे. फाटक आलं, मूठ वर गेली, आणि गाणं थांबलं. घोड्याच्या टापा आणि आमचे बूट, दुसरा आवाज नाही. मी मोजत होतो. मॉरिसची नजर खाली, पांढऱ्या टाचांवर.

आणि चाळिसाव्या पावलाला उस्मानभाईंनी काय करावं? ते रांगेतून बाजूला झाले आणि घोड्याच्या पलीकडं गेले. टाचा गायब. ना मूठ दिसते ना बूट. मी मोजणं सोडलं नाही. मनात म्हटलं, हा माणूस दुष्ट आहे. मॉरिसनं एकदा मान वर केली, समोर कुणी नाही हे पाह्यलं. मग त्यानं डोळे मिटून घेतले आणि चालत राह्यला.

चौसष्टाव्या पावलावर त्याची काठी ड्रमवर पडली, आणि बाबूचा ढोल आणि आम्ही सगळे तिच्याबरोबर. केसभर फरक नाही. मी जोनबाईंकडं पाह्यलं. त्या पाठ फिरवून वॉर्डात निघाल्या होत्या आणि ट्रेमधल्या बाटल्या वाजत होत्या. दोन दिवसांनी मला भेटल्या तर म्हणाल्या, "मास्तर, तुमची टोपी वाकडी होती." बाकी विषय काढला नाही.

मी उस्मानभाईंना विचारलं, असं का केलं. ते म्हणाले, "माझ्या टाचा किती दिवस पुरणार? त्याला कळायला पायजे ना, की गाणं त्याच्यातच हाय."

त्यानंतर मॉरिस आमच्यात दहा-बारा वर्षं वाजवत होता. जांब समर्थापासून भोकरदनपर्यंत त्याला लोक ओळखायचे. 'गोरा असलेला बँड' पाहिजे म्हणून बुकिंग यायची, आणि उस्मानभाई चिडायचे, "गोरा फुकट हाय, बँडचं बोला." हौशी मंडळी त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडायची. तो सगळ्यांना एकच उत्तर द्यायचा, "सब फोर है."

एकदा त्याला इंग्लंडहून पत्र आलं. त्याच्या जुन्या बँडच्या तिघांचं. मोठा कार्यक्रम करणार होते, सगळ्यांनी पुन्हा एकत्र यायचं, मॉरिसनं स्टेजवर नुसतं बसलं तरी चालेल, सत्कार करू. तिकीट पाठवतो, असंही लिहिलेलं. मी ते दुकानात वाचून दाखवलं, म्हणजे मॉरिसला नाही, बाकीच्यांना. उस्मानभाईंनी तारीख विचारली, भिंतीवरचं कॅलेंडर पाह्यलं आणि म्हणाले, "अक्षय तृतीया. त्या दिवशी सुट्टी? बिलकुल न्हाई." मी कागदावर लिहून मॉरिसला दाखवलं. मला वाटलं होतं तो रागावेल, निदान हिरमुसेल. तो इतका हसला, इतका हसला, की बाबूनं त्याला पाणी दिलं. त्यानं तिथंच एका ओळीचं उत्तर लिहिलं आणि टाकायला माझ्याकडं दिलं. पाकीट उघडं होतं, मी वाचलं. लिहिलं होतं, 'त्या दिवशी माझा कार्यक्रम आहे.'

मग डीजे आले. ट्रॅक्टरवर भिंतीएवढे स्पीकर. मॉरिसला रस्त्यात तसला डीजे दिसला की तो वाजवणाऱ्या पोराला थांबवायचा, आपल्या कानांकडं बोट दाखवायचा आणि दोन्ही हात जोडायचा. पोरं हसायची. आमची बुकिंग निम्म्यावर आली. उस्मानभाईंचे गुडघे पार गेले. आणि त्याच सुमाराला जोनबाई निवृत्त झाल्या. त्यांना एकटीला तिकडं पाठवायला मॉरिस तयार नव्हता. त्यानं मला कागदावर लिहून दाखवलं, 'तिनं मला सांभाळलं, आता माझी पाळी.'

मनमाडकडं जाणारी गाडी दुपारची होती. अख्खा दिलखुश बँड लाल कोट घालून फलाटावर. मी त्या दिवशी टोपी मागं सरकवून घातली, ज्याला ओळखायचं त्यानं ओळखा. उस्मानभाईंनी नुसत्या आपल्याच नाही, आम्हा सगळ्यांच्या टाचांना चुना लावला होता. स्टेशनमास्तरनं वाजवायला परवानगी दिली, पण सांगितलं, "गार्डानं झेंडी दाखवली की बंद. मला भोंगा ऐकू यायला पाहिजे." उस्मानभाई म्हणाले, "बराबर."

आम्ही वाजवलं. मॉरिस डब्याच्या दारात उभा होता, नजर आमच्या पायांवर, उजव्या हाताची बोटं दाराच्या दांडीवर. जोनबाई खिडकीत बसल्या होत्या, अगदी ताठ. झेंडी दिसली. उस्मानभाईंची मूठ वर गेली. बँड थांबला आणि गाडी हलली.

आम्ही चालायला लागलो. सवयीनं. गाडीच्या बाजूनं, तिच्याबरोबर. वीस पावलांपर्यंत तो आमच्या शेजारी होता. तिसाव्या पावलाला पुढं गेला. मग त्याचा डबा लांब जायला लागला, आमच्या टाचा त्याला दिसणं शक्य नव्हतं. तो दारातून बाहेर झुकून उभा होता. उस्मानभाई लंगडत चालत होते आणि त्यांची मूठ वरच होती. मला वाटत होतं आता मूठ खाली येईल, आता येईल. डोळ्यांपुढं सगळं धूसर झालं होतं, ते मी पुसतही नव्हतो, कारण हातात क्लॅरिनेट होतं.

मूठ खाली आली. बाबूच्या ढोलावर टिपरू पडलं, आणि त्याच क्षणी तिकडं लांब, डब्याच्या दारात, मॉरिसचा तळहात पत्र्यावर आपटलेला आम्ही सगळ्यांनी पाह्यला. आवाज आला नाही, पण हात दिसला. बाबूनं मोजलं होतं, दवाखान्यापुढच्यासारखंच चौसष्टावं पाऊल.

बँडनं गाणं बरोबर तिथून उचललं. फक्त क्लॅरिनेट मागं राह्यलं. दोन्ही कान शाबूत असलेला मी एकटाच मोजायचा विसरलो होतो.